हिरवो बावटो

मे महिना संपत आला की आमच्या घरात पाऊल ठेवायची सोय नसते. पडवीत पेंढा, माजघरात पेंढा, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आंबे. चांगला माल पेट्यांतून कधीच गेलेला असतो. मागे राहतात ते डागी, झोडपलेले, पाखरांनी चोच मारलेले. घरची माणसं वर्षभर ज्यांची वाट बघतात ते हेच आंबे. मी कुडाळच्या एका हायस्कुलात पोरांना भूगोल शिकवते. पेपर तपासून झाले की पिशवी उचलून थेट इथे येते, कुणकेश्वरच्या अलीकडे, माझ्या माहेरी. वय झालं तरी मे महिन्यात माहेरी येणारी बाई माहेरवाशीणच असते, आणि तिला बसल्या जागी आंबा मिळायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आता नव्वदीला टेकलेत. डोळ्यांना धड दिसत नाही, पण पेंढ्यात हात घालून कुठला आंबा आज कापायचा आणि कुठला परवा, हे बोटांनी सांगतात. कधी चुकत नाहीत. मी मुद्दाम त्यांच्या हाताखाली पिकलेल्यात एक कच्चा आंबा सरकवते, तर तो बाजूला काढून म्हणतात, "बाय, शाळेत पोरांका फसव, माका नको." या वाक्याची मला पुढे आठवण येणार होती, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

यंदा मी येताना आंब्यापेक्षा वेगळंच ओझं घेऊन आले. एक सिनेमा.

झालं काय, की पेपर तपासून कंटाळले म्हणून मोबाईलवर जुनी गाणी ऐकत होते. ऐकता ऐकता एका गाण्यापाशी बोट थांबलं. पिवळा मफलर गुंडाळलेला एक नायक, टायपिंगच्या क्लासात दोन वेण्यांची नायिका, आणि टाइपरायटरच्या टकटकीवर बसवलेली चाल. ऐंशीच्या दशकातला सिनेमा. नाव सांगत नाही, सांगूनही कुणाला आठवायचं नाही. त्यातले नट पुढे कुठे गेले ते त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नसेल. पण माझ्या अंगावर काटा आला. चौदा वर्षांची असताना मी हा सिनेमा पाहिला होता, आणि त्या सिनेमाने आमच्या घरातलं एक लग्न जुळवलं होतं.

त्या वर्षी वाडीत व्हिडिओ आला तो कुडाळहून, एस.टी.च्या टपावरून, दोन गोधड्यांत गुंडाळून. खेळ ठेवला आमच्याच माजघरात, आणि तो भर दुपारी. दिवेलागणीनंतर आमच्याकडे व्होल्टेज असं पडायचं की बल्ब लाल मिरचीएवढा दिसायचा आणि टी.व्ही.वरची माणसं आकसून बोटभर व्हायची. म्हणून दुपारी दोन वाजता खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दारावर ताडपत्री सोडली, आणि आंब्याच्या चार रिकाम्या पेट्या एकावर एक रचून त्यांवर टी.व्ही. बसवला. आत अख्खी वाडी. घाम, फणसाचा चीक, घोंगडीला लागलेला सुक्या मासळीचा वास, कुणाच्या तरी केसांतलं खोबरेल. आजही बंद खोलीत उकडायला लागलं की मला सिनेमाची आठवण येते.

खेळ सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे विहीर खणायची असो, होडी पाण्यात लोटायची असो की बारशाचा पाळणा बांधायचा असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण हात जोडून मोठ्याने देवाला सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. हे नुसतं हो ला हो नव्हे. देवासमोर "व्हय" म्हटलं की तो शब्द दिला गेला, मग तो मोडायचा नाही. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचे भिकूकाका. आप्पांचे लहानपणापासूनचे सोबती, मुंबईला गोदीत नोकरीला आणि मे महिन्यात गावी. आवाज असा की समुद्रावरच्या माणसाने मागे वळून बघावं. त्यांनी टी.व्ही.समोर नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या ह्या लेकरांनी जो काय व्हिडिओचो खेळ मांडललो आसा, तो शेवटपर्यंत नीट जावंदे. लायटीचा, व्होल्टेजचा, वायरमनचा जा काय विघ्न येवचा आसात, ता वाटेतच अडवन ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

देवाने वायरमनला अडवलं नाही. पण ते पुढे.

त्या माजघरात त्या दुपारी एक माणूस सिनेमा बघत नव्हतं. माझी थोरली बहीण, शालनताई. ती तेव्हा एकवीस वर्षांची. खांबाला टेकून बसली होती आणि नखाने गुडघ्यावरचं साडीचं सूत उसवत होती. तिचं किनाऱ्यावरच्या वसंतवर मन बसलं होतं. वसंतच्या घरची होडी आणि रापणीचं जाळं, आमची कलमं आणि भातशेती. दोन वाड्यांच्या मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि एक चढ, चालत दहा मिनिटं. त्यांची मासळी आमच्या ताटात यायची, आमचे आंबे त्यांच्या घरात जायचे, पण मुलगी द्यायची म्हटलं की तो व्हाळ एकदम खाडीएवढा रुंद व्हायचा. शिमग्याच्या सुमारास ताईने धीर करून आप्पांना सांगितलं होतं. आप्पांनी एकच शब्द उच्चारला, "नाय." त्यांचे थोरले भाऊ दादाकाका शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि वरच्या अंगाच्या एका गावातलं स्थळ काढलं. पाहुणे आठ दिवसांनी बघायला यायचे होते. तेव्हापासून ताई जेवायला बसायची, पण पानात बोटं फिरवून उठायची. आई आत चुलीपुढे डोळे पुसायची आणि धुराला नावं ठेवायची.

आणि पडद्यावर काय चाललेलं? तर नेमकं तेच. नायिकेचा बाप स्टेशनमास्तर. पोरीचं टायपिंगच्या क्लासातलं प्रेम त्याला कळतं, तो तिला कोंडतो, ती पळते, आणि दोघं त्याच्याच स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीत बसतात. आम्ही पोरांनी आगगाडी तोवर फक्त पुस्तकात पाहिलेली. कोकणात रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. ती धुराची गाडी बघूनच आमचे श्वास अडकले. बायका स्टेशनमास्तरला मनापासून शिव्या घालत होत्या. गाडीची शिट्टी झाली, मास्तर एका हातात लाल आणि एका हातात हिरवा बावटा घेऊन फलाटावर आला, आता काय करतो म्हणून सगळे पुढे सरकले, आणि लाईट गेली.

असा हाहाकार मी पुढे मॅचच्या वेळीही ऐकला नाही. पंधरा मिनिटं थांबलो, लाईट येईना. व्हिडिओवाल्याला चारची एस.टी. गाठायची होती, तो वायरी गुंडाळायला लागला. तेव्हा कुणीतरी ओरडलं, "भिकू, तू मुंबयत बघललंस मां? शेवट सांग!"

भिकूकाका उभे राहिले. चारचौघांत बोलायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गाडी सुटाक इली. चेडू आणि झिल डब्यात बसली. आणि त्या मास्तरान, चेडवाच्या बापाशीन, काय केल्यान? तांबडो बावटो खाली ठेवल्यान, आणि हिरवो बावटो दाखवल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांच्या तोंडून गेलं.

"गाडी सुटली, लग्न झाला, संसार सुखाचो झालो. तशीच बुद्धी, हंय ज्या कोणाच्या घरात लग्नाचा चेडू आसा आणि बापूस तांबडो बावटो घेवन बसललो आसा, त्या बापाशीक दी. तेच्याव हातान हिरवो बावटो दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज आप्पांचा होता.

सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. मग कुठल्या तरी म्हातारीला हसू फुटलं आणि तिच्यामागून सगळी वाडी हसली. दादाकाका ताडपत्री बाजूला सारून ताडकन बाहेर गेले. मी दारापाशी होते, त्यांचा रागाने लाल झालेला चेहरा मी पाहिला. आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता काय करतलंय? देवाक व्हय म्हटलंय. तोंडातसून गेला ता गेला." वरच्या अंगाच्या पाहुण्यांना निरोप गेला. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर शालनताई व्हाळ ओलांडून सासरी गेली.

तेव्हापासून आप्पांना वाडीत हसायचा हा हक्काचा विषय झाला. लग्नात, बारशात, गप्पा-गजालींना रंग चढला की कुणीतरी म्हणणारच, "ह्यांचो बोलण्यात पाय घसारलो आणि चेडू दर्यार गेला." आप्पाही हसायचे. मीही कितीदा हसले. माझ्या वर्गातल्या मुलांनासुद्धा मी ही गोष्ट सांगितली आहे, बेसावधपणे हो म्हणू नये म्हणून.

तर तो सिनेमा मी कुडाळच्या घरी एकटीने बघितला. खरं सांगायचं तर अगदीच भुक्कड निघाला. बारावीतला नायक पस्तिशीचा दिसतो. डोंगर रंगवलेले आहेत आणि वारा सुटला की हलतात. पण लहानपणी ज्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं, तो स्टेशनमास्तर मात्र आता डोळ्यांपुढून हलेना. पोरगी जेवत नाही म्हणून तो ताट झाकून ठेवतो आणि स्वतः उपाशी उठतो, हे मला आठवतही नव्हतं. रात्रपाळीला जाताना तिच्या बंद दाराबाहेर उभा राहतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि टोपी घालून निघून जातो. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला किती शिव्या दिल्या होत्या! आज मी त्याच्याहून वयाने मोठी आहे, म्हणूनही असेल, पण मला त्याची दया आली.

आणि मग शेवट आला. मास्तरने लाल बावटा दाखवला.

गाडी थांबते. तो पोरीला हाताला धरून उतरवतो. मुलगा जातो, पोरगी अंथरूण धरते आणि त्यातून उठत नाही. अगदी शेवटी रिकामं स्टेशन, रुळांवर गाडी नाही, आणि मास्तर एकटा उभा राहून हिरवा बावटा हलवतोय. हलवतोय आणि हलवतोय. सिनेमा संपतो.

मला आधी भिकूकाकांचा राग आला. नंतर भीती वाटली. ते जाऊन बरीच वर्षं झाली, विचारायचं कुणाला? म्हणजे आप्पांनी दिलेला होकार एका थापेवर दिलेला होता. आमच्या ताईचा चाळीसेक वर्षांचा संसार, दोन लेक, नातवंडं, हे सगळं एका खोट्या हिरव्या बावट्यावर उभं. ताई ते फार अभिमानाने सांगते: "आमच्या आप्पांच्या तोंडून देवानंच वदवून घेतलं." तिला काय सांगणार होते मी? खरं बोलावं हे शाळेत शिकवणं सोपं असतं.

गप्प बसले असते तर प्रश्न नव्हता. पण माझ्या पोटात काही राहत नाही. "ताई, तो सिनेमा सापडला," एवढं फोनवर बोलून बसले, आणि ती हरखली. "आप्पांच्या घरातच बघुया. त्याच दुपारच्या वेळी." झालं. आपल्याच पायावर धोंडा.

परवा दुपारी दोन वाजता ताई आली. सोबत वसंतभावोजी, हातात सुरमईची पिशवी. या माणसाने इतक्या वर्षांत सासरी रिकाम्या हाताने पाऊल टाकलेलं नाही. माजघरात आता भिंतीवर मोठा टी.व्ही. आहे, पंखा आहे, तरी ताईने हट्टाने खिडकीला गोधडी लावली. आप्पा पेंढ्याशेजारी खुर्चीत बसले. दिसत नसलं तरी ऐकतो म्हणाले.

मफलर आला, टायपिंगचा क्लास आला. ताई गाणं गुणगुणत होती. भावोजी हलणाऱ्या डोंगरांना हसत होते. मास्तरने ताट झाकून ठेवलं तेव्हा ताईचं गुणगुणणं थांबलं. मी एकदा तिच्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते. गाडीची शिट्टी झाली, मास्तर दोन बावटे घेऊन फलाटावर आला, आणि मी रिमोट दाबून टी.व्ही. बंद केला.

"लाईट गेली वाटता," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. इतकी वर्षं पोरांच्या थापा पकडणाऱ्या बाईने याहून बरी थाप मारायला हवी होती.

"बाय," आप्पा म्हणाले, "लाव परत. बघूंदे तेका."

"आप्पा, पुढे काय नाय..."

"काय आसा ता माका म्हायत आसा. लाव."

मी लावला. लाल बावटा, रिकामं घर, रिकामे रूळ, आणि तो वेडा हिरवा बावटा. ताईने पदर तोंडाला लावला. सिनेमा संपला. मग ती म्हणाली, "म्हणजे भिकूकाकान आमका फसवल्यान?"

"तुमका फसवल्यान," आप्पा म्हणाले. त्यांचा हात पेंढ्यातच होता. "माका नाय. माका कसो फसवतलो? मी बघललंय आधीच."

आप्पा आयुष्यात सिनेमाला गेलेले आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितलं ते असं. त्याच सिझनला ते आंब्याच्या ट्रकबरोबर कोल्हापूरला गेले होते. माल उतरून झाल्यावर परतीच्या ट्रकला अवकाश होता, ऊन रणरणत होतं, म्हणून समोरच्या थेटरात सावलीला जाऊन बसले. कुठला सिनेमा तेही न बघता.

"तो मास्तर बावटो हालयत रवलो," आप्पा म्हणाले, "आणि माका आमचा चेडू दिसाक लागला. घराक इल्यार बघतंय तर ह्या तसाच, पानात बोटा फिरयता."

"मगे तेव्हाच कित्याक सांगलास नाय?" ताईचा आवाज फाटला होता. "इल्या इल्या सांगूचा मां!"

"कसा सांगतलंय? दादाच्या समोर 'नाय' म्हटललंय. स्थळ तेणी काढलला. मोठ्या भावाचो शब्द खाली पाडूचो कसो? वाट गावत नव्हती." त्यांनी पेंढ्यातला एक आंबा उलटा केला. "भिकून गाऱ्हाणा घातल्यान आणि वाट गावली. देवाक दिललो शब्द दादाव मोडूक शकत नव्हतो. म्हणान मोठ्यान म्हटलंय. भायर रस्त्यार आयकाक जावंदे असा."

"भिकूकाकांना तुम्हीच सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाय गो. तेणा आपल्याच मनान केल्यान. शेवट तेकाव म्हायत होतो, माकाव म्हायत होतो. तेणा माझ्याकडे बघल्यान, मी तेच्याकडे. पुढे कधी बोललंव नाय आमी त्येच्यार. तुमच्या आवशीक तेवढा सांगललंय."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला लाज वाटली. ज्या माणसाचा पाय घसरला म्हणून आम्ही सगळे हसत आलो, त्याने तो पाय समजून उमजून टाकला होता, आणि वर आमचं हसू मुकाट सोसलं होतं. बाप हरला असं लोकांना वाटलं तर वाटू दे, पण मोठा भाऊ हरला असं दिसता कामा नये आणि पोरगी तर जगली पाहिजे, एवढं सगळं त्यांनी दोन शब्दांत बसवलं होतं. आई गेली तीही हे पोटात घेऊनच. माझ्या पोटात काही राहत नाही हा गुण मी कुणाकडून घेतला, देव जाणे.

"इतकी वर्सा लोक तुमका हसले," ताई म्हणाली.

"हसांदेत. हसान काय झडता?"

एवढा वेळ भावोजी खाली मान घालून बसले होते. ते उठले, आप्पांच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आप्पांनी चाचपून त्यांच्या हातात एक आंबा ठेवला. "ह्यो आज खा. उद्या रवाचो नाय."

उन्हं उतरल्यावर दोघं निघाली. मी आणि आप्पा खळ्यात, म्हणजे अंगणात, आलो होतो. आमच्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येऊ ना?" असं विचारतात. ताईने बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या बांबूच्या दाराशी, वळून रोजच्यासारखंच विचारलं, "आप्पा, येव मां?" रोज आप्पा नुसती मान हलवतात. परवा ते काठीवर भार टाकून नीट उभे राहिले, ताईचा आवाज आला त्या दिशेला तोंड केलं, आणि शेजारच्या चार घरांतली माणसं दाराशी येतील एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"

माणसं हसत दाराशी आलीच. पण ताई, भावोजी आणि मी, आम्हा तिघांपैकी कुणीही हसलं नाही, ते बघून ती माणसंही हसायची थांबली.